बाजूनं की बाजूले

खुशालराव : थांब पोरी, माह्या गादीतला दाभण थांबव जरा. तू तं फोनवर म्हणली होती, तीस तारखेपर्यंत परदेशात हाओ. आज किती तारीख?

लुबना : बावीस.

खुशालराव : मंग?

लुबना : मग काय, काका? काम लवकर आटोपलं.

खुशालराव : लवकर आटोपलं! इनायतभाऊ, आयका तुमच्या पोरीचं. तीन देशाची बोलणी, अन् आठ दिवस आधी आटोपली. माह्या पोराले अमरावतीच्या घरच्या गेटले रंग द्याले तीन उन्हाळे लागले.

इनायतुल्ला : खुशालभाऊ, गादी तुमची हाय, पोरगी माही हाय. तुमी गादीचं बोला.

खुशालराव : गादीचं काय बोलू? अमरावतीवरून एसटीच्या मागच्या शिटेवर निजवून आणली तिले. कंडक्टर नवा पोरगा होता. म्हणे, आजोबा, हे कोणाची जागा अडवली? मी म्हणलं, बाबू, बत्तीस वर्षं मीच कंडक्टर होतो. सामानाचं तिकीट फाड अन् गप बस.

लुबना : अमरावतीत गादी भरणारे नाहीत का?

खुशालराव : पायजे तितके हायेत. पण त्याईले माही पाठ माहीत नाही. तुह्या बापाले माहीत हाय, कुठं दोन मुठी रुई जास्त टाका लागते. अन् तू गोष्ट फिरवू नको. बिनतिकिटाचा माणूस मले चेहऱ्यावरून समजते. तो खिडकीच्या बाहेर पाहते. तू सकाळपासून खिडकीच्या बाहेर पाहून राहिली, अन् या दुकानाले तं खिडकीच नाही.

लुबना : अब्बा, सांगा ना काकांना काही.

इनायतुल्ला : काय सांगू? मले बी चार दिवसापासून तेच पुसाचं हाय.

लुबना : म्हणजे तुम्हाला माहीत होतं?

इनायतुल्ला : दरवेळी तू नागपूरले उतरली की फोन करते, 'अब्बा, संत्रा बर्फी आणू का?' या वेळी फोन नाही, बर्फी नाही, सीधी दारात उभी. तवाच समजलो, काहीतरी गडबड हाय.

खुशालराव : मंग पुसलं काहून नाही?

इनायतुल्ला : ओली रुई पिंजली तं गोळे होतात, भाऊ. आधी उन्हात पसरा लागते. चार दिवस पसरून ठेवली.

लुबना : वाळली नाही, अब्बा.

इनायतुल्ला : मंग ओलीच सांग.

लुबना : मला घरी पाठवलं. बोलणी सुरूच आहेत तिकडे. फक्त मला काढलं.

खुशालराव : तुले? तुह्या बापानं तं साऱ्या जुन्या शहरात सांगून ठेवलं की माही लुबना नसली तं देशादेशात सुलहच होत नाही. त्या दिवशी अंडेवाल्याले सांगत होते.

इनायतुल्ला : अंडेवाल्यानं पुसलं म्हणून सांगितलं.

खुशालराव : त्यानं पुसलं होतं, किती अंडे पायजे.

लुबना : अब्बा, मी तुम्हाला कितीदा सांगितलं, मी करार करत नाही. मी दुभाषी आहे. काचेच्या छोट्या खोलीत बसते. कानाला हेडफोन, समोर माइक. मंत्री त्याच्या भाषेत बोलतो, मी त्याच्या मागोमाग दुसऱ्या भाषेत बोलते. समोरचा माणूस माझा चेहरा पाहतही नाही. त्याच्या कानात फक्त माझा आवाज जातो.

खुशालराव : म्हणजे तो म्हणते 'मी तुमचं आयकत नाही', तं तू बी म्हणते 'मी तुमचं आयकत नाही'?

लुबना : तस्संच. तो 'मी' म्हणाला की मीही 'मी' म्हणते. आणि मला स्वतःला काही सांगायचं असलं, तर 'मी' म्हणता येत नाही. 'दुभाषी म्हणते' असं म्हणावं लागतं.

खुशालराव : हे तं माही बायको करत होती. 'या घरातली बाई म्हणते की तेल संपलं.'

इनायतुल्ला : भाऊ, तिले बोलू द्या. कोणते देश होते, बेटा?

लुबना : नावं नाही सांगणार. खरं तर हे बोलायलाच नको.

खुशालराव : आमची काय भीती? मले तं समजणारच नाही, मी सांगू कोणाले? अन् तुह्या बापानं सांगितलं तं अंडेवाला आयकत नाही.

लुबना : तीन शेजारी देश आहेत, एवढं पुरे. एक मोठा, एक मधला, एक लहान.

खुशालराव : म्हणजे तीन भाऊ. थोरला, मधला, धाकटा. बस, झाली नावं. थोरला दांडगा असंन.

लुबना : फौज त्याचीच. विमानं त्याचीच.

खुशालराव : अन् मधला?

लुबना : मधला दोघांचं ऐकून मान हलवतो.

इनायतुल्ला : सगळ्या घरात मधला तसाच असते. मी मधला हाओ.

खुशालराव : मंग त्याईचं भांडण कायचं?

लुबना : भांडण नाही. संरक्षणाचा करार करायचा होता. तिघांपैकी कोणावर बाहेरून हल्ला झाला, तर तो तिघांवर झाला असं समजायचं, आणि बाकीच्या दोघांनी मदतीला धावायचं.

खुशालराव : त्याले करार कायले पायजे? आपल्या गल्लीत तसंच होतं की. मी इथं भाड्यानं राहत होतो तवा कोणाले काही झालं तं सारे धावत होते.

इनायतुल्ला : व्हय. ते पिसाळलेलं कुत्रं आलं होतं, तवा तुमी बी धावले होते. माह्याच घरात शिरून आतून कडी लावली. मी बाहेर.

खुशालराव : मले वाटलं तुमी मागून आत आले!

इनायतुल्ला : मी बाहेरून दार वाजवून राहिलो, अन् तुमी आतून पुसून राहिले, 'कोण हाय?'

खुशालराव : अरे, कुत्रं कोण अन् तुमी कोण, पुसा लागते की नाही?

लुबना : पाहा! म्हणूनच करारात एकेक शब्द लिहावा लागतो. आमच्या नऊ दिवसांतले सहा दिवस एका कलमावर गेले. मदतीला धावायचं, पण किती दिवसांत? धाकट्याकडून एक म्हाताऱ्या बाई आल्या होत्या. आधी शाळेत शिकवायच्या, नंतर मंत्री झाल्या. त्या एकच म्हणत होत्या : सात दिवस. सात दिवसांत तुमची फौज आमच्या सीमेवर आली पाहिजे, असं लिहा. आमचा देश एवढा लहान आहे की आठव्या दिवशी मदत आली तर ती कोणाला करायची?

इनायतुल्ला : बाई बरोबर बोलली.

लुबना : थोरल्याचा मंत्री दिलदार दिसणारा माणूस. बोलायला गोड. तो म्हणायचा, भावाभावात तारखा लिहितात का? विश्वास ठेवा.

खुशालराव : भावाभावातच लिवा लागतात. माह्या बापाले पुस. म्हणजे, असता तं.

लुबना : नवव्या दिवशी सगळे थकले होते. जेवणानंतरची बैठक. मंत्री खुर्चीत मागं रेलला, माइकपासून लांब गेला, आणि म्हणाला... मी जे बोलले ते सांगते. मी बोलले, 'दिवस मोजू नका. ती वेळ आली तर आम्ही तुमच्या बाजूनं उभे राहू.'

खुशालराव : चांगलं बोलला.

लुबना : हो ना. त्या बाईंनी चष्मा काढून पुसला. मी काचेतून पाहत होते. मग म्हणाल्या, 'ठीक आहे. सात दिवसांचं कलम मी मागे घेते.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चहाची सुट्टी झाली.

इनायतुल्ला : मंग तुले काहून काढलं?

लुबना : चहाचा कप हातात होता, अब्बा. आणि त्याचं वाक्य माझ्या कानात परत वाजलं. जसंच्या तसं, त्याच्याच आवाजात. त्यात 'तुमच्या' नव्हतं.

इनायतुल्ला : मतलब?

लुबना : त्यांच्या भाषेतही हे जवळपास आपल्यासारखंच आहे. 'तुमच्या बाजूनं उभे राहू', आणि नुसतं 'बाजूला उभे राहू'. फरक एका चिमुकल्या शब्दाचा. तो शब्द त्यानं उच्चारलाच नव्हता. तो मी घातला.

खुशालराव : बाजूले उभे राहा! अवं, हे तं मी धारणीच्या गाडीत बत्तीस वर्षं बोललो. 'बाजूले उभे राहा, बाजूले उभे राहा, दारातून हटा.' एकाले बी असं वाटलं नाही की कंडक्टर माह्या बाजूनं हाय.

इनायतुल्ला : तू काहून घातला तो लफ्ज?

लुबना : नऊ दिवस त्याला ऐकून मला वाटत होतं की तो आता हेच म्हणणार. जे येणार असं वाटतं ते कान आधीच ऐकून टाकतो. आणि... मला त्या बाईंसाठी ते ऐकायचं होतं.

इनायतुल्ला : त्याची जबान घसरली असंन.

लुबना : असेल. किंवा मनातलं खरं तोंडात आलं असेल. ते ठरवणं माझं काम नाही. तो जे बोलला ते सांगणं, एवढंच माझं काम. आणि मी न बोललेलं सांगितलं होतं. त्यावर त्या बाईंनी आपलं कलम सोडून दिलं होतं.

खुशालराव : मंग तू काय केलं?

लुबना : आम्ही दुभाषी जोडीनं बसतो. अर्धा तास एक, अर्धा तास दुसरा. माझ्या जोडीला गुलफाम होता. अब्बा, अमरावतीला माझ्यासोबत शिकायला होता तो.

इनायतुल्ला : जो घरी आला अन् लाजून तीनदा 'पोट भरलं' म्हणत चौथ्यांदा बिर्याणी खाल्ली?

लुबना : तोच. त्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, 'लुबना, सोड. सगळे खूश आहेत. तू बोललीस तर नऊ दिवस पाण्यात जातील.' मी म्हटलं, दुभाषीची चूक झाली की त्यानं लगेच सांगायचं, हा नियम आहे. तो म्हणाला, नियम जेवणाच्या मेनूबद्दल आहे, फौजेबद्दल नाही.

इनायतुल्ला : अन् तू सांगितलं.

लुबना : सुट्टी संपून सगळे बसले. मी बटण दाबलं. 'दुभाषी एक दुरुस्ती करते. सन्माननीय मंत्र्यांचे शब्द होते : ती वेळ आली तर आम्ही बाजूला उभे राहू.'

खुशालराव : अरे बाप्पा.

लुबना : मधल्यानंसुद्धा मान हलवणं थांबवलं.

खुशालराव : अन् थोरला?

लुबना : हसला. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, 'बिचारी थकली आहे. मी तुमच्या बाजूनंच म्हणालो होतो. तिनं पहिल्यांदा बरोबर ऐकलं, आता चुकीचं ऐकतेय.' आणि अब्बा, हे वाक्यही मलाच त्यांच्या कानात सांगावं लागलं. 'मी' म्हणून. त्याच्यासारखं हसत.

इनायतुल्ला : या अल्ला.

खुशालराव : अन् ते टेप असते ना? लावून पाहाची टेप.

लुबना : बंद खोलीतली बोलणी होती, काका. रेकॉर्डिंगला बंदी. माझा कान आणि त्याचं तोंड, एवढाच पुरावा.

इनायतुल्ला : ते मास्तरीणबाई काय बोलली?

लुबना : तिनं हेडफोन काढला आणि टेबलावर ठेवून दिला. अब्बा, मला काढलं त्याचं इतकं वाटलं नाही. नऊ दिवस मी त्या बाईच्या कानात होते. तिनं मलेच काढून ठेवलं. त्यानंतर मी काचेकडे पाहिलंच नाही. गुलफामला माइक दिला आणि बाहेर आले. संध्याकाळी विमानाचं तिकीट हातात.

खुशालराव : पाहा, रडाले आली तं वऱ्हाडी बोलली. मघापासून पुण्याची होती.

लुबना : मी रडत नाही. रुई डोळ्यात गेली.

इनायतुल्ला : इथं बसलं की सगळ्याच्याच जाते. चहा घे.

लुबना : अजून आहे, अब्बा. ज्या संस्थेकडून मी कामाला जाते, त्यांचं पत्र आलंय. मजकूर त्यांनीच लिहून पाठवलाय, मी फक्त सही करायची. 'थकव्यामुळे माझ्या ऐकण्यात चूक झाली आणि मी चुकीची दुरुस्ती केली, याबद्दल खेद आहे.' आज पाचपर्यंत सही करून पाठवली तर यादीत नाव राहील. नाहीतर काढतील.

खुशालराव : पाच म्हणजे आता तास-दीड तास राहिला. कर सही.

लुबना : काका!

खुशालराव : काका काय? मी कंडक्टर होतो, मी काय सांगू? वरचा सायेब म्हणला गाडी लेट नव्हती, तं गाडी लेट नव्हती. सही कराची, पुढच्या गाडीवर जाचं. तुले हे काम आवडते ना?

लुबना : दुसरं काही येतच नाही मला.

खुशालराव : मंग कर सही. तो थोरला का तुले पुसाले येते?

इनायतुल्ला : खुशालभाऊ, एक मिनिट. बेटा, तुही चूक झाली होती?

लुबना : झाली होती. पहिल्यांदा. नसलेला शब्द घातला तेव्हा.

इनायतुल्ला : अन् या कागदात कोणती चूक लिवली हाय?

लुबना : दुसरी. दुरुस्तीची.

इनायतुल्ला : म्हणजे जे चुकली ते नाही, अन् जे नाही चुकली ते.

खुशालराव : तुमी बापलेक कागद फार बारीक पाहता. सही म्हणजे सही.

लुबना : अब्बा, तेवढं सोपं असतं तर मी पहिल्याच दिवशी नाही म्हटलं असतं. चार दिवसांत मला सगळ्यांनी इतकं गोड समजावलं. 'होतं असं. थकवा येतो.' आता मी ते वाक्य आठवते तर कधी एक ऐकू येतं, कधी दुसरं. मलाच खात्री वाटत नाही.

खुशालराव : थांब. हे आपण आत्ताच पाहू. मी तिकडं तोंड करतो. तोंडात सुपारी हाय. तो मंत्री बोलला तसा बोलतो. तू सांग काय बोललो.

लुबना : काका, असं नसतं ते.

खुशालराव : आयक तं खरी. (पाठ फिरवून पुटपुटतो.) ...झालं. काय बोललो?

लुबना : 'इनायतभाऊची गादी नरम, पण जीभ चामड्याची. भाभी होत्या तवा चहात साखर असे.'

इनायतुल्ला : असं म्हणले तुमी?

खुशालराव : कान एकदम बरोबर हाय पोरीचा. विषय संपला.

इनायतुल्ला : विषय नाही संपला. साखर मले डाक्टरनं बंद केली, तुमाले नाही. सांगाचं होतं.

खुशालराव : तुमची बंद झाली म्हणून मी मागितली नाही. पाहुण्याले काही मर्यादा असते.

इनायतुल्ला : तीस वर्षात आजच पाहुणे झाले.

(फोन वाजतो.)

लुबना : गुलफाम आहे... हां, बोल. ... दुकानात. अब्बा आहेत, खुशालकाका आहेत. ... नाही, अजून नाही पाठवलं. ... काय? कधी? ... आज सकाळी? ... थांब, हळू बोल. कोणी काढला हेडफोन, ते मला माहीत आहे, मी पाहिलं. ... नाही, नंतरचं नाही पाहिलं. मी बाहेर आले होते. ... ती असं म्हणाली? त्याच्या भाषेत? ... मग? ... आणि त्यानं? ... गुलफाम, परत सांग. ... हो. ... हो, रडतेय, तुला काय करायचंय? ... काय? ... तू? ... मग तेव्हा... ... नाही. नाही, रागावले नाही. ... समजलं मला. ... मुलांना दुवा सांग. ठेवते.

खुशालराव : काय झालं? अर्ध्यातलं अर्धं बी समजलं नाही. दुभाषी असून एकीकडचंच बोलते!

लुबना : आज सकाळी सह्या झाल्या. करार झाला. बातम्यांतही आलं म्हणे.

इनायतुल्ला : तुह्याशिवाय?

खुशालराव : अंडेवाल्याले सांगू नका.

लुबना : सात दिवस लिहिलेत, अब्बा. कलमात. आकड्यात आणि अक्षरात.

इनायतुल्ला : थोरल्यानं मान्य केलं?

लुबना : त्याला करावंच लागलं. त्या बाईंनी हेडफोन काढला ना, तो माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून नाही. मी बाहेर गेल्यावर त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून त्याच्यासमोर गेल्या, आणि त्याच्याच भाषेत, मोडक्यातोडक्या, त्याला म्हणाल्या, 'माझ्याकडे पाहून सांगा. तुम्ही काय म्हणालात?'

खुशालराव : मास्तरीण ते मास्तरीण.

लुबना : तो म्हणाला, 'तुमच्या बाजूनं.' त्या म्हणाल्या, 'नक्की?' तो म्हणाला, 'शपथेवर.' तर त्या म्हणाल्या, 'छान. म्हणजे त्या मुलीच्या कानाचा दोष. मग आता लिहायला तुमची हरकत नसेल. सात दिवस.' सगळ्यांसमोर तो आधीच हसून बोलून बसला होता. नाही म्हणाला असता तर मी खरी ठरले असते.

इनायतुल्ला : वा, वा. तुले खोटी पाडाच्या नादात खरं लिवून बसला.

खुशालराव : म्हणजे हे पोरगी चुकली म्हणूनच त्याची गाडी अडकली! इनायतभाऊ, मघाचं सोडा, तुमीच बरोबर. हिच्यामुळंच सुलह झाली.

लुबना : माझ्यामुळं नाही, काका. त्या बाईंमुळं.

इनायतुल्ला : अन् फोनवर तू गुलफामले 'तू?' काहून म्हणली?

लुबना : काही नाही.

इनायतुल्ला : लुबना.

लुबना : त्यानंही ऐकलं होतं, अब्बा. त्याच्याही कानाला हेडफोन होता. त्यानंही 'बाजूला' असंच ऐकलं होतं. मी पहिल्यांदा चुकीचं बोलले, तेव्हाच.

खुशालराव : अन् चार दिवस तोंडात दही धरून बसला? बिर्याणी खाणारा?

लुबना : त्याला दोन लेकरं आहेत, काका. घरी एकटाच कमावणारा. आज तरी सांगितलं. हे सांगायला तो जिन्यात उभा राहून बोलत होता. आवाज घुमत होता.

इनायतुल्ला : कागदावर लिवून देईन का तो?

लुबना : मी मागितलं नाही. मागणारही नाही. मला फक्त माझे कान परत पाहिजे होते.

खुशालराव : मंग आता? करार झाला, सारे खूश. आता तं सही केली तरी कोणाचं नुकसान नाही. उलट, तू चुकली असंच सारे धरून चालले, म्हणून तं ते सात दिवस लिवल्या गेले.

लुबना : तेच तर. मी आता 'बरोबर ऐकलं' म्हटलं, तर मंत्री खोटा ठरतो. उद्या तो म्हणेल, मला खोटा म्हणणाऱ्यांसोबत सही केली तीच चूक, आणि करार मोडेल.

इनायतुल्ला : म्हणजे सही करतेस?

लुबना : नाही. पण कोण काय बोललं, कोणता शब्द, हेही नाही लिहीत. माझं जेवढं आहे तेवढंच लिहिते. तुम्ही ऐका, चुकलं तर सांगा. 'दुभाषीकडून एक चूक झाली. वक्त्यानं न उच्चारलेला एक शब्द दुभाषीनं उच्चारला. सतरा मिनिटांनी दुभाषीनं ती चूक सगळ्यांसमोर दुरुस्त केली. या सतरा मिनिटांच्या उशिराबद्दल दुभाषी माफी मागते.' बस.

खुशालराव : अन् दुरुस्तीची माफी?

लुबना : ती नाही.

खुशालराव : 'विनंती विशेष' तरी टाक. 'कळावे, लोभ असावा' टाक. इतकं कोरडं पत्र तं डेपो मॅनेजरले बी नाही लिवलं मी.

इनायतुल्ला : मले एक अडते, बेटा. यात 'दुभाषी, दुभाषी' काहून? आता तू काचेच्या खोलीत नाही. बापाच्या दुकानात हायेस.

लुबना : सवय, अब्बा.

इनायतुल्ला : 'मी' लिव.

लुबना : ...'माझ्याकडून एक चूक झाली.' हो. बरं वाटतं ऐकायला. 'सतरा मिनिटांनी मी ती दुरुस्त केली.'

खुशालराव : आता काळजाले लागलं. धाड.

लुबना : यादीतून नाव जाईल, अब्बा.

इनायतुल्ला : जाईन. कदाचित नाही जाणार. अंडेवाल्याले मी दोन्ही सांगू शकतो.

लुबना : काय सांगाल?

इनायतुल्ला : सांगीन, पोरगी घरी हाय. रोज दोन अंडे जास्त दे.

लुबना : गेलं. चार वाजून दहा मिनिटं.

खुशालराव : वेळेच्या आधी! हे तं सरकारी माणसात बसणारच नव्हती. बरं, मले एक सांग पोरी, आता तं सारं उघड हाय. सात दिवसात खरंच येतील का ते?

लुबना : लिहिलंय, काका.

खुशालराव : लिवलं, ते समजलं. येतील का?

लुबना : ते त्या धाकट्यावर कोणी चालून गेलं, तरच कळेल.

इनायतुल्ला : मंग अल्ला करो, आपल्याले ते कधीच न कळो.